हात धुणे: वजूपासून साबणापर्यंतचा इतिहास, आणि पाणी कमी असतानाही जमेल अशी सवय

दरवर्षी 15 ऑक्टोबरला आमच्या शाळेत दोन दिवस एकत्र साजरे होतात. एक वाचन प्रेरणा दिन, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती. दुसरा जागतिक हात धुवा दिवस, जो 2008 पासून जगभर पाळला जातो. सकाळी मुले पुस्तके वाचतात आणि मग ओळीने नळापाशी येतात.

आम्ही ज्या मुलांना शिकवतो ती घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ आणि आसपासच्या गावांतली. जांब समर्थ हे समर्थ रामदास स्वामींचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. 1608 साली, रामनवमीच्या दिवशी त्यांचा इथे जन्म झाला. आमच्या जालना जिल्ह्याची दुसरी ओळख म्हणजे मोसंबी, कपाशी आणि उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर. 2012-13 च्या दुष्काळात राज्यात जे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले, त्यात जालना होता. त्या काळात टँकरमागे हंडे-घागरी घेऊन धावलेल्या आया-बहिणींना "हात धुवायला पाणी ठेवा" असे सांगणे सोपे नव्हते.

एका शुक्रवारी एक मुलगा जुम्याची नमाज पढून थेट खिचडीच्या ओळीत येऊन बसला. आम्ही म्हटले, "बाळा, हात धुऊन ये." तो म्हणाला, "सर, आत्ताच तर वजू केला. परत कशाला?" मशिदीतून शाळेपर्यंत येताना त्याने चपला हातात धरल्या होत्या, रस्त्यात गोट्या खेळल्या होत्या आणि कुणाच्या तरी शेळीच्या पिल्लालाही कुरवाळले होते. पण त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि आमच्याकडे त्या क्षणी नीट उत्तर नव्हते. ते उत्तर शोधताना जे वाचले, समजले, ते इथे मांडत आहोत.

आपल्या दीनमध्ये हात धुणे

पाच वेळच्या नमाजीसाठी वजू लागतो. कुरआनच्या सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत वजूचा हुकूम आहे: चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह आणि पाय. सुन्नत पद्धतीत वजूची सुरुवातच दोन्ही हात मनगटापर्यंत तीनदा धुण्याने होते. म्हणजे आधी हात स्वच्छ, मग त्याच हातांनी तोंड धुवायचे.

हदीसमध्ये हातांबद्दल बारकाईने सांगितले आहे. झोपेतून उठल्यावर हात तीनदा धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्यात घालू नये, कारण रात्री हात कुठे कुठे लागला हे माणसाला ठाऊक नसते, ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. वजू करताना बोटांच्या बेचक्यांत बोटे फिरवणे, ज्याला आपण खिलाल म्हणतो, ते सुन्नत आहे. नखे कापणे आणि बोटांचे सांधे धुणे या गोष्टी फितरतमध्ये, म्हणजे माणसाच्या मूळ स्वभावाला धरून असलेल्या सवयींमध्ये मोजल्या आहेत. जेवणानंतर हाताला तेल-चरबी तशीच ठेवून झोपू नये, आणि झोपल्यास काही अपाय झाला तर दोष स्वतःलाच द्यावा, असाही इशारा आहे. पाकी हा इमानचा अर्धा भाग आहे, हे तर लहान मुलांनाही पाठ असते.

आजचे डॉक्टर हात धुताना ज्या जागा सुटतात म्हणून सांगतात, त्या बघा: बोटांच्या बेचक्या, नखांखाली, सांध्यांच्या घड्या आणि अंगठा. यातल्या बहुतेक जागा आपल्या शिकवणीत आधीपासून नावानिशी आहेत.

आपल्या घरांतही याची रीत होती. पाहुणे आले की दस्तरख्वान अंथरण्याआधी घरातला लहान मुलगा सिलफची आणि टोटीचा लोटा घेऊन फिरायचा. एकेकाच्या हातावर पाणी घालायचे आणि खांद्यावरचा रुमाल पुढे करायचा, हा मुलांना दिलेला पहिला अदब होता. हिंदू शेजाऱ्यांच्या घरी दाराशी पाण्याची बादली आणि तांब्या असायचा, बाहेरून आलेला माणूस हातपाय धुऊनच आत यायचा. मराठवाड्यातली ही दोन्ही घरे या बाबतीत एकसारखीच होती.

जालना शहरात मलिक अंबरच्या काळात जमशेद खान याने मोती तलाव बांधला, तिथले पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणले, आणि काळी मशीद व सराई उभारली. मशीद, सराई आणि पाणी हे सगळे एकत्र बांधायचे, अशी त्या लोकांची समज होती. मुसाफिराने आधी हातपाय धुवावेत आणि मग टेकावे.

व्हिएन्नाचा दवाखाना, 1847

पाकीसाठी हात धुणे जुने आहे. पण हातामुळे आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, याचा आकड्यांनी पुरावा मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपण करायचे, दुसऱ्यात सुईणी. बाळंतज्वराने बायका दोन्हीकडे मरत, पण पहिल्या विभागात मरणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी जास्त होते. 1846 मध्ये पहिल्या विभागात शंभरात सुमारे 11 बाया दगावल्या, तर दुसऱ्यात 3 हून कमी. शहरातल्या गरीब बायकांना हे माहीत होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गयावया करत.

इग्नाझ सेमेलवाइस नावाचा हंगेरियन डॉक्टर तिथे काम करत होता. मार्च 1847 मध्ये त्याचा सहकारी डॉक्टर याकोब कोलेच्का शवविच्छेदन करताना चाकू लागून दगावला, आणि त्याची लक्षणे हुबेहूब बाळंतज्वरासारखी होती. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी शवागारातून उठून थेट बाळंतिणीकडे येत होते. सुईणी शवागारात जात नव्हत्या. आजार हवेतून नव्हे, हातांवरून येत होता.

मे 1847 मध्ये त्याने नियम केला की क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कुणीही बाळंतिणीला हात लावायचा नाही. एप्रिलमध्ये त्या विभागातला मृत्युदर 18 टक्क्यांवर होता. जूनमध्ये तो 2 टक्क्यांच्या आसपास आला.

एवढे होऊनही वरिष्ठ डॉक्टरांना ते पटले नाही. प्रतिष्ठित माणसाचे हात घाण कसे असतील, हा त्यांचा अहंकार आडवा आला. सेमेलवाइसची नोकरी पुढे वाढवली गेली नाही. 1865 मध्ये, 47 व्या वर्षी, मनोरुग्णालयात जखम चिघळून त्याचा मृत्यू झाला. बाळंतिणींना ज्या प्रकारच्या संसर्गापासून त्याने वाचवले, तसाच संसर्ग त्याच्या अंगात भिनला होता.

त्यानंतर फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जंतूंचे शास्त्र मांडले. 1867 मध्ये जोसेफ लिस्टर यांनी शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू दाखवला. त्याआधी 1865 साली हजच्या दिवसांत मक्केत पटकीने हजारो हाजी दगावले होते आणि तिथून साथ युरोपपर्यंत गेली होती. आपल्याकडे पंढरपूरच्या वारीतही पटकीचे असेच भय असे. यात्रा असो की उरूस, जिथे गर्दी जमते, एकत्र जेवते आणि पाणी अपुरे असते, तिथे पोटाचे आजार फार लवकर पसरतात.

महाराष्ट्राने काय शिकवले

आपल्याच राज्यात दोन मोठे धडे आहेत. पहिला संत गाडगेबाबांचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेल्या या माणसाने 1956 पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, हातात झाडू धरून गावे झाडली. लोकांना लाज वाटेल असे बोलून नव्हे, स्वतः काम करून दाखवले. राज्याचे ग्राम स्वच्छता अभियान 2000-01 पासून त्यांच्याच नावाने सुरू झाले.

दुसरा धडा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाला हात लावण्याआधी हात स्वच्छ धुणे, बाळाला ऊब देणे, अंगावरचे दूध पाजणे, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून उपचार देणे, असे ते काम होते. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत त्याचे निष्कर्ष आले. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. हे यश एकट्या हात धुण्याचे नव्हे, पण हात धुणे त्या कामाची पहिली पायरी होती. आज आशा ताई घरी येऊन आधी स्वतःचे हात धुतात आणि मग बाळाला घेतात, त्यामागे हेच काम आहे. आपल्या घरात बाळ झाले की सगळी आप्तमंडळी त्याला घ्यायला धावतात. अशा वेळी "आधी हात धुवा" म्हणणाऱ्या सुनेला उद्धट समजू नका. ती बरोबर आहे.

साबण नेमके काय करतो

वर्गात आम्ही एक साधा प्रयोग करतो. दोन मुलांच्या तळहातांना थोडे गोडेतेल आणि चिमूटभर हळद लावतो. पहिला मुलगा नुसत्या पाण्याने हात धुतो. पिवळेपणा तसाच राहतो. दुसरा साबणाने धुतो, आणि पिवळेपणा बराचसा निघून जातो. मुले आपापले हात उलटसुलट करून बघत बसतात.

कारण सोपे आहे. आपल्या कातडीवर नेहमीच थोडा तेलकटपणा असतो. धूळ, मळ आणि जंतू त्या तेलकट थराला चिकटून बसतात. पाणी तेलात मिसळत नाही, म्हणून ते वरून वाहून जाते. साबणाच्या प्रत्येक कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. हात चोळले की तेल, मळ आणि जंतू सुटे होतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. करोनासारख्या विषाणूंचे बाहेरचे आवरणच चरबीचे असते. साबण ते आवरण फोडतो, म्हणून 2020 मध्ये सगळे साबणावर एवढा भर देत होते.

यासाठी महाग साबण लागतो का? नाही. कराचीच्या गरीब वस्त्यांत 2002-03 मध्ये एक मोठा अभ्यास झाला. काही वस्त्यांतल्या घरांना वर्षभर साबण दिला, कार्यकर्त्यांनी दर आठवड्याला जाऊन हात कधी आणि कसे धुवायचे ते सांगितले. तुलनेसाठी काही वस्त्यांत हे केले नाही. साबण मिळालेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये न्यूमोनिया 50 टक्क्यांनी आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांमध्ये जुलाब 53 टक्क्यांनी कमी आढळले. साधा साबण आणि जंतुनाशक म्हणून विकला जाणारा साबण, दोन्हींचा फायदा सारखाच निघाला. ही घरे आपल्यासारखीच होती: उर्दू बोलणारी, पाच वक्त वजू करणारी माणसे तिथेही होती. तरीही साबण आल्यावर मुलांचे आजार निम्म्यावर आले.

वजू केला, मग साबण कशाला?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

वजू ही इबादतची तयारी आहे. त्यात पाण्याने अंग पाक होते. साबण वजूची शर्त नाही, आणि जंतू काढणे हा वजूचा हेतू म्हणून सांगितलेला नाही. वजूने दिवसातून अनेकदा हात धुतले जातात, हा मोठा फायदा आहे आणि त्याची कदर करायला हवी. पण शौचाहून आल्यावर, कच्चे मटण हाताळल्यावर किंवा बाळाचे लंगोट बदलल्यावर नुसते पाणी पुरत नाही. तिथे साबण हवाच.

दुसरे म्हणजे, वजू टिकला तरी हात स्वच्छ टिकतात असे नाही. चपलेला, नोटेला, शेळीला हात लावला तर वजू तुटत नाही. पण हात मळतोच. म्हणून नमाजीसाठी वजू चालेल, जेवणासाठी मात्र हात पुन्हा धुवायचे.

तिसरी गोष्ट तयम्मुमची. पाणी नसेल किंवा आजारामुळे वापरता येत नसेल, तेव्हा पाक मातीने तयम्मुम करून नमाज पढण्याची सवलत अल्लाहने दिली आहे. ती नमाजीची सवलत आहे. तयम्मुमने हातावरचे जंतू जात नाहीत, म्हणून तो जेवणाआधीच्या हात धुण्याला पर्याय नाही. तयम्मुम कुणाला आणि केव्हा लागू होतो, हे आपल्या आलिमांना विचारावे.

आणि उजव्या-डाव्या हाताचे? आपण उजव्या हाताने जेवतो, इस्तिंजा डाव्या हाताने करतो. ही रीत चांगलीच आहे. पण लोटा, कडी, नळ यांना दोन्ही हात लागतात. म्हणून दोन्ही हात एकमेकांवर चोळूनच धुवायचे.

कधी आणि कसे धुवायचे

केंद्र सरकारच्या 2018 मधील राष्ट्रीय नमुना पाहणीत असे दिसले की शौचानंतर साबणाने हात धुण्याची सवय देशातल्या सुमारे 74 टक्के घरांत आहे. पण जेवणाआधी साबणाने हात धुणारी घरे 36 टक्क्यांच्या आसपासच आहेत. म्हणजे खरी ढिलाई ताटाशी आहे.

आपल्या घरात या वेळा चुकवू नयेत:

- स्वयंपाक करण्याआधी, वाढण्याआधी आणि जेवण्याआधी
- मुलाला भरवण्याआधी, बाळाला किंवा बाळंतिणीला हात लावण्याआधी
- शौचाहून आल्यावर आणि बाळाची शी धुतल्यावर
- कच्चे मटण, कोंबडी, मासे हाताळल्यावर. बकरी ईदच्या दिवशी तर पुन्हा पुन्हा
- गुरे, शेळ्या, कोंबड्या यांचे काम केल्यावर
- खोकल्यावर, शिंकल्यावर, आजारी माणसाची सेवा केल्यावर
- कपाशीवर फवारणी करून आल्यावर. इथे जंतूंचा नव्हे, विषाचा प्रश्न आहे, म्हणून हाताबरोबर अंगही धुवा आणि कपडेही बदला

रमजानमध्ये एक चूक आपल्याकडून हमखास होते. इफ्तारच्या वेळी माणूस बाजारातून धावतपळत येतो, नोटा मोजलेल्याच हाताने खजूर उचलतो आणि तबक पुढे सरकवतो. एकाच तबकात अनेक हात जातात, तेव्हा एकाचे न धुतलेले हात सगळ्यांच्या पोटात जातात. अजानच्या दोन मिनिटे आधी उठून हात धुतले तर इफ्तारला उशीर होत नाही.

धुण्याची रीत अशी: हात ओले करा, नळ बंद करा, साबण लावा. तळहात, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखे असे मिळून 20 सेकंद चोळा. मग पाण्याने धुवा आणि स्वच्छ कापडाला पुसा, किंवा हवेत वाळू द्या. सगळ्या घराचा एकच मळका टॉवेल असेल तर धुतलेले हात पुन्हा मळतात.

पाणी कमी असेल तेव्हा

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे दोन ओंजळींएवढे माप, आजच्या हिशेबाने साधारण एक लिटर किंवा त्याहूनही कमी. पाण्याची उधळण न करण्याची शिकवण यात आहे. आपण मात्र वजूखान्यात नळ सोडून बोलत बसतो. वजूच्या वेळी वाचवलेले पाणी साबणाने हात धुवायला पुरेल.

साबणाने हात धुवायला फार पाणी लागत नाही, कारण खरे काम साबण आणि चोळणे करते. गावात जमतील असे काही उपाय:

लटकता डबा: पाच लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा घ्या. वरच्या बाजूला, झाकणाजवळ, तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडा. डबा दोन खांबांमध्ये आडव्या काठीवर अडकवा. डब्याच्या तोंडाला दोरी बांधून तिचे खालचे टोक जमिनीजवळच्या एका काटकीला बांधा. काटकीवर पाय ठेवला की डबा वाकतो आणि बारीक धार येते, पाय काढला की थांबते. नळाला हात लावावा लागत नाही. एका मुलाला अर्धा पेला, म्हणजे शंभर मिलीलिटर पाणी धरले तरी एका डब्यात पन्नास मुलांचे हात धुऊन होतात.

साबणाचे पाणी: शाळेत वडी ठेवली की ती विरघळते, हरवते, नाहीतर कावळा उचलून नेतो. त्याऐवजी दीड लिटर पाण्याच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम धुण्याची पावडर घालून हलवा आणि झाकणाला भोक पाडा. बाटलीवर नाव लिहा आणि ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी बांधून ठेवा. वडीच वापरायची असेल तर ती जुन्या मोज्यात किंवा जाळीच्या पिशवीत घालून टांगा.

तांब्या आणि दुसरा माणूस: जुनी सिलफचीची रीत पुन्हा आणा. एकाने बारीक धार धरली तर खूप कमी पाण्यात काम होते. खाली पडलेले पाणी झाडाला जाते.

माती आणि राख: शेतात किंवा परसाकडे गेल्यावर मातीने हात घासण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे. मातीत जंत आणि जंतू असू शकतात, म्हणून ती टाळावी. साबण अजिबातच नसेल तर चुलीची स्वच्छ राख चालवून घ्यावी, पण साबण आणणे हाच खरा उपाय.

सॅनिटायझर: प्रवासात उपयोगी आहे, त्यात किमान 60 टक्के अल्कोहोल असावे. हात मळलेले किंवा तेलकट असतील तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

मशीद, शाळा आणि घर

मशीद कमिट्यांना आमची विनंती आहे की वजूखान्यात आणि विशेषतः इस्तिंजाखान्याबाहेर साबण टांगून ठेवावा. साबणाने हात धुऊन मग वजू केल्याने वजूत काही बाधा येत नाही. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी दोन वाक्ये यावर बोलली, तर आमच्या दहा तासिकांपेक्षा ती जास्त पोचतील. मदरशात आणि शाळेत जेवणाआधी मोठ्या मुलाने लहान मुलाच्या हातावर पाणी घालावे. घरात साबण फक्त न्हाणीघरात नव्हे, जिथे जेवायला बसतो तिथल्या मोरीपाशीही असावा, आणि लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर असावा. पाणी भरण्याचा भार बहुतेक घरांत मुली आणि बायकांवर पडतो. घरातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी एक घागर हात धुण्यासाठी स्वतः भरून ठेवली, तर ही सवय टिकेल.

त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले, "तुझा वजू अल्लाहसमोर उभे राहण्यासाठी होता, तो झाला. आता खिचडीसाठी साबण लाव." त्याने विचारले, "बेचक्यांत पण?" आम्ही म्हटले, "हो, वजूत करतोस तसाच खिलाल, फक्त फेस लावून." तो हसत डब्याकडे गेला आणि मागच्या दोघांना ओढून घेऊन गेला.